पाठीवरचे चौकोनी वळ

माझ्या बायकोला मी करंट लावून मारलं, असं गावात बोलतात. तोंडावर कोणी बोलत नाही. पारावर जाऊन बसलो की विषय बदलतो, आणि विषय बदलला की आधी काय चाललं होतं ते मला कळतंच. एक जण तर हसत म्हणाला म्हणे, म्हाताऱ्यानं जन्मभर नदीवरची मोटर चालवली, शेवटी बायकोलाबी मोटरच समजला. बोलणारा मला ठाऊक आहे. त्याच्या उसाला इतकी वर्षं पाणी मीच सोडलं.

मी चौथी शिकलेला माणूस. रहिमतपूरच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या पाणीपुरवठा संस्थेत मोटर चालू-बंद करायचं माझं काम होतं. करंट म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलेलं नाही, अंगातून कळलेलं आहे. दोनदा फेकला गेलोय. म्हणून करंटनं मारलं असं कोणी म्हटलं की मला राग येतो तो दोन्हीकडून येतो. बायको माझी होती म्हणून, आणि करंट काय असतो ते मला कळतं म्हणून.

सगळं नागिणीपासून सुरू झालं. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यासारखे उठणारे फोड. तिला उजव्या बरगडीखाली उठली आणि कमरेच्या वरून पाठीकडं वळत गेली. उजव्या बाजूला. हे मी पुन्हा लिहितो, कारण ऐकणारे ते ऐकत नाहीत.

तिचं माहेर शिराळा. शिराळ्याच्या बाईला नागिणीचं कोण सांगणार? नाग तिचा भाऊ. पंचमीला तिनं जन्मात कधी विळीला हात लावला नाही, चुलीवर तवा ठेवला नाही, मला रानात कुदळ मारू दिली नाही. आणि नेमकी तिलाच नागीण उठली. मग ती आठवत बसली, आपलं कुठं चुकलं. शेवटी तिला सापडलं. मागच्या पंचमीला नातवानं हट्ट केला म्हणून तिनं त्याला सफरचंद चिरून दिलं होतं. मी म्हटलं, अगं, नागाला सफरचंद काय ठावं? त्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

शेजारच्या गावात एक म्हातारा नागिणीवर गेरू लावतो. आमच्या भागात सगळे त्याच्याकडंच जातात, आम्हीही गेलो. नागीण अंगाला वळसा घालते आणि तिचं तोंड आणि शेपूट एका जागी मिळालं की माणूस जातं, असं सगळे मानतात. म्हणून तो गेरूनं मधे एक उभी रेघ ओढतो. पलीकडं यायचं नाही, अशी नागिणीला ताकीद. तिच्या पाठीवर त्यानं मणक्याच्या अलीकडं रेघ ओढली, काहीतरी पुटपुटला आणि आंबट खायचं नाही म्हणाला. आम्ही निवांत घरी आलो. त्यात आठवडा गेला. डॉक्टरकडं गेलो तेव्हा तो चिडला. फोड उठल्या उठल्या गोळ्या घ्यायच्या असतात, आता फोड वाळायला लागले, आता मी काय करू, म्हणाला. आमच्यावर चिडायचा त्याला काय हक्क होता? त्याचा दवाखाना आठवड्यातले निम्मे दिवस बंद असतो.

फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडं नवं आलं. दुखणं मात्र गेलं नाही. उलट वाढलं. वरून काही दिसायचं नाही, आणि नुसतं कापड लागलं तरी ती कळवळायची. डॉक्टर म्हणाला, कातडं बरं झालंय पण आतली नस जळलीय, आग विझली हे त्या नसेला अजून कळलेलं नाही. तिला पोलकं घालता येईना. साडीचा काठ लागला तरी दाताखाली पदर धरायची. शेवटी तिनं माझी एक विरलेली गंजी घेतली, शिवण टोचते म्हणून उलटी करून घातली, आणि तशी आतल्या खोलीत बसून राहिली. ज्या बाईच्या डोक्यावरचा पदर सासऱ्याच्या माघारीही कधी खाली आला नाही, ती बाप्याच्या गंजीत. कोणी दारात आलं की मला आतून ओरडायची, सांगा न्हाई म्हणून. बायका यायच्या, बाहेरूनच परत जायच्या आणि जाताना म्हणायच्या, लय मोठी झालीय वाटतं.

नसेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ती झिंगायची. एकदा मोरीत पडली, कपाळ फुटलं. गोळ्या तिनं स्वतःच बंद केल्या. मग पोरगीनं फोनवर सांगितलं, आबा, आईला घेऊन इकडं या, इथं एक मॅडम आहेत, त्या दुखण्यावर मशीन लावतात.

माझी पोरगी सांगलीला दिलेली आहे. जावई हळदीच्या पेठेत कामाला. त्यांच्या घरात शिरलं की कपाटातल्या अंथरुणालासुद्धा हळदीचा वास. तिथं आम्ही राहिलो आणि रोज रिक्षानं त्या मॅडमकडं जाऊ लागलो. रिक्षातून जाताना खड्डा आला की ती माझं मनगट धरायची. रिक्षावाल्याला मी सारखा म्हणायचो, दमानं. तो म्हणायचा, रस्ता माझ्या बापाचा हाय का, आजोबा?

मॅडम वयानं माझ्या पोरीएवढी. मशीन बघून मला हसूच आलं. एवढुसा डबा, हातात मावणारा, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला चिकट चौकोनी पॅड, आणि आत खेळण्यातला सेल. मी म्हटलं, मॅडम, यानं माशी तरी उडंल का? ती म्हणाली, माशी उडवायची नाहीये. पाय ठेचकाळला की आपण तो चोळतो, चोळल्यावर दुखणं थोडं मागं पडतं, तसंच हे आहे. मशीन नसेला दुसरं काहीतरी सांगत राहतं, मग दुखण्याचं बोलणं मेंदूपर्यंत कमी पोचतं. नस यानं बरी होणार नाही. लावलंय तोवर आणि नंतर थोडा वेळ बरं वाटेल, काहींना वाटतं, काहींना नाही. हे तिनं आधीच सांगितलं होतं, खोटी आशा लावली नाही. छातीवर लावायचं नाही, मानेवर नाही, जखमेवर नाही, दुखऱ्या पट्ट्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या चांगल्या कातडीवर लावायचं. हृदयात मशीन बसवलंय का, तेही विचारलं. नव्हतं.

बायको करंटला घाबरली. अंग चोरून भिंतीला टेकली. मी म्हटलं, आधी मला लावा. माझ्या हाताला पॅड लावले. मॅडम सांगत होती हळू, पण मला वाटलं यात काय असणार, म्हणून मी बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं. माझी बोटं आपोआप वळली, आणि तोंडातून जे निघालं ते त्या दवाखान्यात बोलायचं नव्हतं. बायको हसली. गंजी घातल्यापासून ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आवं, ती तुमची मोटर न्हवं."

मग तिनं लावून घेतलं. मुंग्या आल्यागत होतंय, म्हणाली. बऱ्याच वेळानं बघतो तर डोळे मिटून गाढ. मॅडमनं खुणेनं मला गप्प राहायला सांगितलं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात तिनं माझं मनगट धरलं नाही.

बरं वाटतंय का, असं मी तिला रोज विचारायचो. ती कधी हो म्हणाली नाही. काय म्हाईत, म्हणायची. बघू, म्हणायची. आमच्या बायकांना बरं वाटतंय म्हणायची भीती असते, म्हटलं की जातं. पण एके दिवशी पोरगी भाकरी थापत होती, तिला म्हणाली, माझं पोलकं आणलंयस का गं पिशवीत? पोरगी हातातलं पीठ तसंच ठेवून उठली. बायकोनं बाह्यांत हात घातले, हुक लावले आणि दुपारच्या जेवणापर्यंत तशी राहिली. जेवणानंतर काढलं. पण तेवढा वेळ राहिली.

पोरीनं मग तसंच एक मशीन घरी वापरायला घेऊन दिलं, मॅडमनं मला पॅड कुठं लावायचे ते शिकवलं, आणि आम्ही गावी आलो. मी रोज सकाळी आणि दुपारी लावायचो. पॅड जुने होत गेले तसे चिकटेनात, मग मी पाण्याचा हात लावून वापरायचो. काढल्यावर कातडीवर तांबडे चौकोन उठायचे आणि दुपार व्हायच्या आत जायचे. मॅडमला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, गोंदाचे आहेत, खाज सुटली तर सांगा, आणि जागा थोडी बदलत जा. बदलत होतो.

तिची थोरली बहीण शिराळ्याहून बघायला आली. ही बाई कोणाच्या घरी गेली की आधी धान्याच्या कणगीत हात घालून बघते. ती आली तेव्हा बायकोला मशीन लावलेलं होतं. एक पॅड पोटाकडं, एक पाठीकडं, मधून वायर. बहीण उंबऱ्यातच थांबली.

"ह्ये कुणी केलं? तोंड हिकडं, शेपूट तिकडं, आन् तुमी मधी तार जोडून दिली व्हय, पावणं?"

मी तिला ठेचकाळलेल्या पायाचं सांगायला लागलो. ती ऐकेना. म्हाताऱ्यानं रेघ मारून अडवली होती, तुम्ही वायर टाकून पूल बांधून दिला, आता नागीण चालत जाईल, म्हणाली. मी म्हटलं, आक्का, फोड जाऊन किती दिवस झाले, आता कुठली नागीण आणि कुठलं शेपूट? ती म्हणाली, फोड जातात, ती आत बसते. पुढं मी जे बोललो ते लिहीत नाही. तीही कमी बोलली नाही.

बहीण गेली, आणि बायकोनं स्वतःच्या हातानं पॅड ओढून काढले.

मी समजावलं, ओरडलो, मशीन माझ्या पोटाला दोन्हीकडं लावून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या अंगावर न्हाई आली. तुमाला काय जातंय." आणि पुन्हा गंजीत जाऊन बसली. पोलकं खुंटीवर लटकलेलं. रात्री ती कण्हायची आणि दुसऱ्या दिवशी शिराळ्याला फोन करून सांगायची, बंद केलंय गं. तिकडून शाबासकी मिळायची. दुखणं तिला, शाबासकी द्यायला बहीण.

शेवटी मीच मॅडमला फोन लावला. मला वाटलं हसेल. शिकलेली माणसं हसतात. ती हसली नाही. आजींना द्या म्हणाली. बायकोशी बोलली, कुठून कुठवर आलीय, शेपूट कुठं समजायचं, सगळं विचारलं. मग मला म्हणाली, दोन्ही पॅड मागंच लावा, मणक्याच्या उजवीकडं, एक पट्ट्याच्या वर, एक खाली. नस तिथूनच निघते. पुढच्या बाजूला काही लावायचंच नाही, म्हणजे दोन टोकं जोडली जात नाहीत. बायकोनं मला तीनतीनदा हात लावून दाखवायला लावलं, की पुढं खरंच काही नाही. मग हो म्हणाली.

आधीइतका आराम पडला नाही असं मला वाटायचं. पण पोलकं अंगावर आलं. आधी सकाळपुरतं, मग दुपारपर्यंत. गंजी धुवून तिनं माझ्या कपड्यांत ठेवून दिली. एके दिवशी बघतो तर ओट्यावर बसून लसूण सोलतेय आणि गल्लीतल्या बायकांत हातवारे करून बोलतेय. मी आतल्या खोलीतून बघत राहिलो. बाहेर गेलो असतो तर गप्प झाली असती.

श्रावण आला तशी म्हणाली, पंचमीला माहेरी जायचंय. मी म्हटलं, गर्दीत कोणी धक्का दिला तर? ती म्हणाली, देऊ दे. कराडला एसटी बदलून गेलो. मशीन पिशवीत होतं. बहिणीच्या घरी, बहिणीच्या मागच्या खोलीत, दार ओढून घेऊन मी तिच्या पाठीला पॅड लावले, आणि तो डबा तिनं मोबाईल खोचतात तसा कमरेला खोचला. वर पदर घेतला. बहिणीला पत्ता नाही. तशीच ती बायकांत गेली. शिराळ्याची पंचमी आता पूर्वीसारखी राहिली नाही, नागाची मूर्ती पुजतात, पण बायकांचा फेर तसाच आहे. ती फेरात उभी राहिली. जास्त नाही, थोडंच फिरली. मी लांब एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. तिच्या बहिणीनं तिच्या कमरेला हात घातला तेव्हा माझा जीव गेला, हात डब्याला लागतोय की काय. लागला नाही. बायकोनं लांबूनच माझ्याकडं बघितलं आणि तोंड दाबून हसली.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बहीण म्हणेल, बघा, माझ्या घरातच लावलं.

थंडीत बायको गेली. सकाळी नेहमीसारखं मशीन लावलं, ती कुशीवर पडून मला काल कोणाच्या घरी भांडण झालं ते सांगत होती. मग म्हणाली, "काढा आता, च्या टाकते." मी काढलं. बटण बंद केलं, वायरी गुंडाळल्या, पॅड त्यांच्या कागदावर चिकटवून ठेवले. ती उठून चुलीपाशी गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर ती भिंतीला टेकून बसलेली, एक हात छातीवर. माझ्याकडं बघत होती पण मला बघत नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं हृदय थांबलं म्हणून सांगितलं, आणखी काही विचारलं नाही.

घरी आणल्यावर बायकांनी तिला न्हाऊ घातलं. मी बाहेर होतो. आत एकदम आवाज थांबला आणि मग बहिणीचा हंबरडा आला. शिराळ्याहून ती येऊन पोचली होती. पाठीवर दोन तांबडे चौकोन होते. जित्या माणसाच्या अंगावरून ते दुपारच्या आत जातात. मेलेल्याच्या अंगावरून जात नाहीत. तसेच्या तसे होते.

ती बाहेर आली, ओल्या हातांनी, आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "भाजली हो माझी भण. ह्या बाबानं तारा लावून भाजली."

तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबले. सगळे माझ्याकडं बघत होते. मी काय बोलणार होतो? गोंदाचे वळ आहेत, उजव्या बाजूला आहेत, बटण बंद होतं. बायको दारात आडवी ठेवलेली असताना हे कोण बोलतं? मी गप्प बसलो, आणि गप्प बसलो म्हणजे कबूल केलं असं झालं.

लोकांचं सोडून दिलं असतं. पोरगीनं विचारलं ते सोडता आलं नाही. तेराव्यानंतर सगळे गेले, ती भांडी लावत होती. पाठ माझ्याकडंच होती.

"आबा, बटण किती वर होतं?"

ज्या पोरीनं आम्हाला त्या मॅडमकडं नेलं, जिनं मशीन घेऊन दिलं, तिनं हे विचारलं. मी म्हटलं, बंद होतं. ती म्हणाली, नाही, म्हणजे त्याच्या आधी. मी म्हटलं, रोज असतंय तेवढंच. ती बरं म्हणाली. त्या बरं मधे काही नव्हतं.

मी म्हटलं, चल सांगलीला, मॅडमला विचारू. तुझ्यासमोर विचारू. गेलो. मॅडमला ऐकून वाईट वाटलं, ते खरं वाटलं, तिनं खोटं केलं नाही. मी विचारलं, या मशीननं माणूस मरतं का? ती म्हणाली, इतका कमी करंट, तोही पाठीला, उजवीकडं, यानं असं सहसा होत नाही, आजोबा.

मी म्हटलं, "सहसा म्हंजे? व्हतंय का न्हाई, एक काय ते सांगा."

ती म्हणाली, मी तिथं नव्हते. आजींचं हृदय आधी कधी तपासलेलं नव्हतं. त्यांना आधीपासून काही त्रास असेल, वय होतं. मशीनमुळं झालं असं मला वाटत नाही, पण न बघता मी ठामपणे कसं सांगू?

शिकलेली माणसं पूर्ण शब्द कधी देत नाहीत. कुठंतरी फट ठेवतात, स्वतःला निसटायला. ती वाईट नव्हती, तिनं माझ्या बायकोसाठी जे केलं ते तिच्या सख्ख्या बहिणीनं केलं नाही. पण मला त्या दिवशी तिच्याकडून फक्त "नाही" पाहिजे होतं. पोरगीच्या कानात पडलं ते "सहसा". जिना उतरताना ती म्हणाली, "आबा, आपण आधी ईसीजी का न्हाई काढला?" "आपण" म्हणाली. मला "तुम्ही" ऐकू आलं.

त्यानंतर पोरगी फोन करते, जेवलात का विचारते, गोळी घेतली का विचारते. आईचं नाव काढत नाही. मशीन टाकून द्या म्हणाली होती, मी टाकलं नाही.

परवा शेजारची वहिनी आली. दुपारची, मागच्या दारानं. ती माझ्या बायकोच्या वयाची, गल्लीत दोघींचं जमायचं. न्हाऊ घालायला तीही आत होती. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, भावजी, मला मागं नागीण होऊन गेली, आता तसंच दुखतंय, कापड सहन होत न्हाई. तुमच्याकडचं ते मशीन मिळालं असतं तर.

मी म्हटलं, वैनी, त्या मशीननं मी बायको मारली ना? तुला कशाला पाहिजे?

ती खाली बघून पदर चाळवत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय की तसं न्हाई. ती मला सांगायची. म्हणायची, ह्यांनी ते लावलं की अंगावरचा धोंडा कुणीतरी उचलल्यागत वाटतंय बघ. माझं निम्मं दुखणं त्येनंच गेलं."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मग त्या दिवशी का बोलली नाहीस? सगळी भावकी उभी होती, तू आतच होतीस.

"तिची भण रडत हुती. रडणाऱ्या बाईच्या मधी मी कसं बोलू, भावजी?"

मी लगेच पोरीला फोन लावला आणि वहिनीच्या हातात दिला. म्हटलं, आत्ता मला सांगितलंस ते हिला सांग, जसंच्या तसं. वहिनीनं सांगितलं. धोंड्याचंही सांगितलं. पलीकडून पोरगी काहीबाही विचारत होती, वहिनी नुसतीच व्हय, व्हय करत राहिली. मग फोन माझ्याकडं आला.  म्हणाली, आबा, काकूंना द्यायचं तर आधी त्यांचा ईसीजी काढायला सांगा.

म्हणजे तिला पटलं की नाही पटलं, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

वहिनीला सांगितलं, आधी ईसीजी काढून ये, डॉक्टर लावा म्हणाला की मशीन घरी आणून देतो, लावायचं कसं तेही दाखवतो. ती म्हणाली, दुखतंय बरगडीत, त्याला छातीचे फोटो कशाला? मी म्हटलं, काढल्याबिगर देणार नाही. ती रागावली. द्यायचं नसंल तर तसं सांगायचं, एवढी कारणं कशाला, म्हणून तणतणत मागच्या दारानंच गेली. आता गल्लीत नवीन चाललंय. म्हातारा मशीन कपाटात दडवून बसलाय, कुणाच्या उपयोगी पडू देत नाही. आधी मी मशीननं माणूस मारणारा होतो, आता मशीन न देणारा झालो. त्यांना काय पाहिजे ते त्यांचं त्यांना ठावं.

मला लोकांचं एवढं लागत नाही. मला लागतं ते वेगळंच. रोज सकाळ-दुपार मी तिच्या पाठीला ते पॅड लावत होतो, रोज विचारत होतो, बरं वाटतंय का. ती काय म्हाईत म्हणायची, बघू म्हणायची. शेजारणीला धोंड्याचं सांगितलं. मला सांगायला तिला काय झालं होतं? एवढं एक वाक्य मला मिळालं असतं, तर त्या दिवशी मी दारात उभा राहून ते बोललो असतो, आणि तिच्या बहिणीला तोंड बंद करावं लागलं असतं. ते वाक्य ती त्या बाईकडं ठेवून गेली, आणि त्या बाईनं ते स्वतःचं अंग दुखायला लागेपर्यंत बाहेर काढलं नाही.